आधी कुत्रा, मग आपण



मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. पायदळात तीस वर्षं काढली आणि नंतर महूला घर केलं. महू म्हणजे इंदूरजवळची छावणी. आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी. तुम्हीही कुणी बडोद्यात, कुणी हैदराबादेत, कुणी बेळगावात बसून ऐकत असाल. आपल्यासारख्या लोकांचा एक पाय कायम प्रवासात असतो. गावी लग्न, मुलाकडे बंगळुरूला, बहिणीकडे पुण्याला. आणि हल्ली घरोघरी एक छोटा कुत्रा असतो. मग प्रश्न येतो, याला न्यायचं की ठेवायचं?

आमच्याकडे आहे बत्ताशी. इंडियन स्पिट्झ, पांढरीशुभ्र, वजन सात किलो. गल्लीत सगळे तिला पॉमेरिअन म्हणतात, आम्हीही आता दुरुस्त करणं सोडून दिलंय. आज मी तुम्हाला माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीच्या सूचना देण्याचा मला अधिकार नाही.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. आईचं वय शहाऐंशी. तिला महेश्वरला जायचं होतं. सकाळी सातला निघालो. मी, सौ., आई आणि मागच्या सीटवर बत्ताशी. महू माळव्याच्या पठारावर आहे, सकाळी तिथे छान वारा होता. जाम दरवाजापाशी थांबून चहा घेतला. पण तिथून घाट उतरला की निमाड लागतो, नर्मदेचं खोरं. वर आणि खाली हवेत केवढा फरक पडतो हे इतकी वर्षं तिथे राहून मला माहीत होतं. तरी मी महूच्या हवेच्या हिशोबाने निघालो होतो.

घाटावर स्नान, थोडं बसणं, यात साडेदहा वाजले. मग किल्ल्यात जायचं होतं. अहिल्याबाईंचा वाडा, राजराजेश्वराचं देऊळ. देवळात कुत्रा नेता येणार नाही, हे उघड होतं. मी गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली, चारही काचा दोन दोन बोटं खाली ठेवल्या, वाटीत पाणी ठेवलं. सौ. म्हणाली, "अहो, मी थांबते तिच्याजवळ." मी म्हणालो, "पाच मिनिटांचं काम आहे. चल."

आईचे गुडघे, चढण, दर्शनाची रांग. येताना माहेश्वरी साड्यांचं दुकान. आई मध्येच म्हणाली, "अरे, ती बिचारी आत आहे ना? आवर लवकर." मी पुन्हा म्हणालो, पाच मिनिटं. परत आलो तेव्हा घड्याळात पस्तीस मिनिटं झाली होती. कडुलिंबाची सावली सरकून बाजूच्या भिंतीवर गेली होती आणि गाडी उन्हात होती.

बत्ताशी सीटखाली पडली होती. तोंडातून लाळेचा फेस, जीभ गडद लाल, धाप अशी की सगळं अंग हलत होतं. उचलली तर पाय टेकेनात. वाटी उलटून पाणी सांडलेलं होतं.

मी तीस वर्षं माणसं सांभाळली आहेत. त्या क्षणी मला काही सुचेना. शेजारच्या चहावाल्याने तिला माझ्या हातातून घेतलं आणि दुकानाच्या सावलीत ओल्या फरशीवर ठेवलं. आईने देवघरासाठी कॅनमध्ये भरून घेतलेलं नर्मदेचं पाणी तिच्या पोटावर, मांड्यांवर, पंजांवर ओतलं. सौ. पुठ्ठ्याने वारा घालत होती. दहा मिनिटांनी गाडीचा एसी पूर्ण लावून आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर एरवी गाई-म्हशींचे. त्यांनी सलाईन लावलं, ताप मोजला आणि मला म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.

वाचली. पण आम्ही महूपर्यंत गाडीत एक शब्द बोललो नाही.

आता यातलं शास्त्र सांगतो, कारण मला ते आधी माहीत असायला हवं होतं. बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढतं. बाहेर पस्तीस असेल तर आत पंचेचाळीस, आणि ते तिथे थांबत नाही. काचा थोड्या उघड्या ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. आतली हवाच तापली की धाप टाकूनही उपयोग होत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान अडतीस ते एकोणचाळीस अंशांच्या आसपास असतं. ते एकेचाळीसच्या वर गेलं की जिवाचा प्रश्न.

असं झालंच तर सावलीत न्या, साधं गार पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे निघा. बर्फाचं पाणी नको. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर आला, चालू लागला, म्हणून दवाखाना टाळू नका. आतल्या अवयवांना झालेली इजा नंतर दिसते.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. काश्मीरमध्ये आमच्याबरोबर श्वानपथक असायचं. मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात शिकून आलेली कुत्री आणि त्यांचे हॅंडलर. एकदा लांबच्या गस्तीवरून आलो, सगळे तहानलेले. हॅंडलर हवालदाराने पाण्याची बाटली काढली, आधी कुत्र्याला पाजलं, मग त्याचे चारही पंजे उलटे करून पाहिले, काटा आहे का, चीर आहे का. मी म्हणालो, अरे, तू तर पी. तो म्हणाला, "साहब, पहले कुत्ता, फिर मैं. ये बोल नहीं सकता." हा प्रसंग मी पार्टीत दहा वेळा सांगितला असेल. महेश्वरला मात्र मी आधी देऊळ पाहिलं, मग साड्या, आणि शेवटी कुत्रा.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. फौजेत तुकडी सगळ्यात हळू चालणाऱ्या जवानाच्या वेगाने चालते. कुत्रा बरोबर असेल तर तो जवान कुत्रा. त्याला जे झेपणार नाही, ते त्या दिवशी आपण करायचं नाही. करायचंच असेल, तर कुत्र्याला घरी ठेवायचं.

हे घरी ठेवणं लोकांना जमत नाही. वाटतं, आपण त्याला टाकून चाललो. पण देवदर्शन, लग्न, साड्यांची खरेदी, यात कुत्र्याला काय मिळणार? गोंगाट, फटाके आणि प्रत्येकाने "अय्या, किती गोड" म्हणत उचलणं. ओळखीच्या शेजाऱ्याकडे, आपल्या अंथरुणाचा वास असलेल्या चादरीवर तो दोन दिवस जास्त सुखात असतो. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर न्यायचंच नाही. तिथे बंदी आहे आणि ती योग्य आहे. 2018 साली गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर पसरला होता. तो कुत्र्यांमध्ये आढळणारा रोग आहे.

आता न्यायचं ठरलं, तर काय करायचं?

पहिलं, रेकी. आम्ही रेकीशिवाय कुठे मुक्काम टाकत नसू. जाहिरातीत "पेट फ्रेंडली" लिहिलं म्हणजे झालं, असं नाही. फोन करून चार गोष्टी विचारा. कुत्रा खोलीत झोपू शकतो की बाहेर बांधायला सांगाल? आम्ही जेवताना तो कुठे असेल? तुमच्या आवारात तुमची स्वतःची कुत्री मोकळी असतात का? आणि गॅलरीच्या कठड्याच्या सळ्यांमध्ये अंतर किती? शेवटचा प्रश्न ऐकून लोक हसतात. पण लॅब्रेडॉर जिथे अडतो, तिथून सात किलोचा कुत्रा आरपार जातो.

दुसरं, गाडीत त्याची जागा. मांडीवर नाही, ड्रायव्हरच्या तर मुळीच नाही. पुढच्या सीटवरही नाही, एअरबॅग उघडली तर इतक्या लहान जिवाला तीच मारते. मागच्या सीटवर, छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकवून, किंवा बेल्टने बांधलेल्या टोपलीत. गळ्यातल्या पट्ट्याला अडकवू नका, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो. निघण्याआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका, गाडी लागते. पाणी मात्र द्या. खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो, पण डोळ्यांत खडा जातो.

तिसरं, थांबे. आम्ही आग्रा रोडने धुळे, नाशिक करत पुण्याला जातो. दर दोन तासांनी थांबतो. ढाब्याच्या दाराशी मी गाडी लावत नाही. प्रत्येक ढाब्याची स्वतःची चार-पाच कुत्री असतात आणि तो त्यांचा इलाका असतो. त्यात आपला पांढरा पाहुणा उतरवला की ती धावून येणारच. आधी मी एकटा उतरतो, चारी बाजूंना बघतो, मग तिला उतरवतो. गावकुत्री आली तर पळायचं नाही, ओरडायचं नाही, शांतपणे त्यांच्या हद्दीबाहेर चालत जायचं. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद ठेवून पाहा. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. छोटा कुत्रा जमिनीला जवळ असतो, डांबराची झळ सरळ त्याच्या पोटाला लागते.

डोंगरात गेलात तर अंधार पडल्यावर कुत्रा बाहेर नको, अंगणातही नको. उत्तराखंडात मी होतो, तिथे मेंढपाळांच्या मोठ्या भोटिया कुत्र्यांच्याही गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्यासाठी. आपला तर त्याच्या एका घासाचा. पावसाळ्यात साचलेलं पाणी पिऊ देऊ नका, लेप्टोचा धोका असतो. गवतातून फिरवून आणलं की कानामागे, बोटांमध्ये गोचीड शोधा.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो. फर्स्ट एसीत दोन बर्थचा पूर्ण कूपे किंवा चार बर्थची पूर्ण केबिन तुमच्या नावावर असेल, तरच कुत्रा बरोबर नेता येतो. एसीच्या इतर वर्गांत आणि स्लीपरमध्ये नाही. दुसरा मार्ग ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्सचा. बुकिंग पार्सल ऑफिसात होतं, लसीकरणाचे कागद लागतात, आणि खाणंपिणं तुम्हीच बघायचं. तरुणपणी बदलीच्या वेळी मी आमचा मोठा कुत्रा तसा नेला होता, प्रत्येक मोठ्या स्टेशनवर पाणी घेऊन प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत पळत. छोट्या कुत्र्याला, तेही उन्हाळ्यात, मी तसा नेणार नाही. विमानात 2022 च्या नोव्हेंबरपासून अकासा एअरने छोटे प्राणी केबिनमध्ये न्यायला परवानगी दिली, एअर इंडियाचीही सोय आहे. पिशवीसकट वजनाची मर्यादा असते. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा.

आणि रेबीजच्या लसीचं कार्ड कायम गाडीत, पट्ट्यावर आपला फोन नंबर. घरात नव्हे, प्रवासात कुत्री हरवतात.

शेवटी बत्ताशीचं सांगतो. महेश्वरहून आल्यावर ती गाडीजवळ जाईना. नुसता दरवाजा उघडला तरी शेपूट पोटाखाली. मी ओढून बसवलं नाही. रोज संध्याकाळी गाडीचे चारही दरवाजे उघडे ठेवून मी मागच्या सीटवर पेपर वाचत बसायचो, बाजूला उकडलेल्या चिकनचा तुकडा. बाराव्या दिवशी ती चढली, तुकडा घेतला आणि उतरली. मग दरवाजा लावून बसणं, मग इंजिन सुरू करून, मग परेड मैदानाला एक फेरी. गाडी पुन्हा तिची व्हायला चार महिने लागले.

आईला नंतर मी म्हणालो, डिसेंबरात पुन्हा महेश्वरला जाऊ. गेलो. थंडी होती, ऊन कोवळं होतं. किल्ल्याच्या पायथ्याशी आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. मी हिच्यापाशी बसते." मी म्हणालो, "नाही, आई. या वेळी तू आणि ही दर्शनाला जा. मी बसतो."

त्या दोघी दीड तासाने आल्या. मी आणि बत्ताशी घाटाच्या पायरीवर सावलीत बसलो होतो, गाडी लांब उभी होती. त्याच चहावाल्याकडून चहा मागवला. त्याने आधी वाटीत तिला पाणी आणून दिलं.

सांभाळून जा, सांभाळून आणा. जय हिंद.