जीवशास्त्राची पदवी आणि पुढील वाट



वैद्यकीय प्रवेश हुकला कीं आमच्या सेनगाव तालुक्यांतील पालक मुलास म्हणतात, “मग आतां बी.एस्सी. कर!” तो स्वर ऐकून मुलास वाटतें, आपण उष्ट्या पानावर बसलों. शिक्षकाच्या पेशांत असे खिन्न चेहरे मीं पुष्कळ पाहिले.

मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वैद्य नव्हते, वनस्पतिशास्त्रज्ञ होते. कलकत्ता विद्यापीठांत अनेक वर्षें अध्यापन करून १९४६ मध्यें त्यांनीं पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापिली. सोयाबीनच्या कांहीं वाणांच्या नांवांत ‘एमएसीएस’ हीं अक्षरें आढळतात. तीं याच संस्थेच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें होत. जीवशास्त्र आपल्या शेतापर्यंत पोहोंचतें, तें असें.

हें शिक्षण दूरहि नाहीं. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्यें स्थापन झालें. आपला हिंगोली जिल्हा त्याच्याच कक्षेंत आहे.

मात्र केवळ पदवीवर विसंबूं नये. शाळेंत शिकवावयाचें तर बी.एड. हवें, महाविद्यालयांत शिकवावयाचें तर एम.एस्सी. आणि नेट अथवा सेट. वनसेवेस स्पर्धापरीक्षा द्यावी लागते; रोगनिदान प्रयोगशाळेसाठीं तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम वेगळा. पहिल्या वर्षींच वाट ठरवावी.

पांढरी माशी सोयाबीनवर पिवळा मोझॅक पसरविते. पाणी सांचलें कीं हळदीचा कंद कुजतो. बाप हें नुकसान दरसाल पाहतो. त्याचें कारण मुलगा शिकत असेल, तर त्या शिक्षणास उरलेसुरलें कोणीं म्हणावें?