मूक गुरूचे ऋण

(देहदान जागृती मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्यकाचा माणूस नव्हे. कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो आहे, ते एका अनुभवामुळे. आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. एप्रिल २०२१मध्ये ते हृदयविकाराने गेले. महासाथीचा कहर चालू होता. महाविद्यालयाने देह स्वीकारण्यास असमर्थता दर्शवली. दोष कुणाला देणार? पण वहिनींच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली.

त्याच सुमारास वैद्यकीयच्या प्रथम वर्षाचे विद्यार्थी घरी बसून संगणकाच्या पडद्यावर शरीररचना शिकत होते. त्या चित्रफिती उत्तम असतात, नाही असे नाही. परंतु पडद्यावरची रक्तवाहिनी नेहमी पुस्तकात सांगितलेल्या जागीच असते. प्रत्यक्ष देहात एखाद्याच्या दंडातील धमनी कोपरापाशी दुभंगण्याऐवजी वर, काखेजवळच दुभंगलेली आढळते. उद्याच्या शल्यविशारदाला हे ठाऊक हवे. आणि चरबीत दडलेली नस न तोडता मोकळी करणे तर बोटांनीच शिकायचे असते.

आपल्या सुश्रुताने हे कधीच ओळखले होते. विषाने वा दीर्घ व्याधीने न मेलेल्या माणसाचे शव गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवावे, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचलीने थर हळूहळू घासत आतील अवयव डोळ्यांनी पाहावेत, अशी पद्धत त्याच्या संहितेत आहे. पुढे ही परंपरा लोपली, शवस्पर्श निषिद्ध ठरला. १८३६मध्ये कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त या आयुर्वेदाच्याच जाणकाराने हाती शस्त्र घेतले, तेव्हा ती कोंडी फुटली. आणि २०१०मध्ये नानाजी देशमुखांचा देह त्यांच्या इच्छेनुसार दिल्लीच्या एम्सला देण्यात आला, हे तर आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल.

मात्र नुसता अर्ज भरून भागत नाही. मृत्यूनंतर देह सुपूर्द करायचा तो जवळच्या नातलगांनी, तोही काही तासांत, डॉक्टरांच्या दाखल्यासह. ऐनवेळी एखादा मुलगा किंवा काका ‘नको’ म्हणाला, की सारे तिथेच थांबते. नेत्रदान मात्र त्याआधी करता येते. संसर्गजन्य आजार असल्यास किंवा शवविच्छेदन झाले असल्यास देह सहसा स्वीकारत नाहीत, हेही घरात आधीच सांगून ठेवावे.

आमच्या वहिनींनी गेल्या वर्षी स्वतःचा अर्ज भरला. वडिलांच्या अर्जाला ज्याचा विरोध होता, त्या धाकट्या मुलालाच त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायला बसवले. त्याने अर्ज दोनदा वाचला, आणि सही केली.