घरची शाळा आणि वाचनाची गोडी

शाळेंत जाणाऱ्या मुलाला एक मोठी सोय असते, ती म्हणजे घर. गुरुजी रागावले, धडा आला नाहीं, चारचौघांत फजिती झाली, तरी संध्याकाळीं घंटा होते, आणि दप्तर कोपऱ्यांत टाकून तें मूल आईच्या मांडीवर डोकें ठेवूं शकतें. जीं मुलें घरींच शिकतात त्यांना ही सोय नाहीं. त्यांच्या घरांत शिकविणारी तीच जेवूं घालणारी, आणि परीक्षा घेणारा तोच खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा. अशा घरांत पुस्तकाची भीति एकदां शिरली कीं मुलाला पळून जावयास दुसरी जागा उरत नाहीं. उलट पुस्तकाची प्रीति शिरली, तर ती जन्मभर पुरते.

मुंबई-पुण्याकडे अलीकडे कांहीं कुटुंबें मुलांस शाळेंत न घालतां बुद्ध्याच घरीं शिकवितात. मूल आपण होऊन पुस्तक हातीं कां घेत नाहीं, हा प्रश्न अशा आईबापांना साहजिकच सतावतो. वाचतां आलें तर बाकीचे विषय मूल पुढें स्वतः मिळवील; पण वाचनाचाच कंटाळा आला तर घरच्या शाळेचा पायाच खचला. म्हणून काळजी वाटते. काळजीपायीं घाई होते. आणि घाईपायीं वाचन हें सावकाराच्या हप्त्यासारखें रोजचें देणें होऊन बसतें. परंतु मुलांना घरीं शिकविण्याचा प्रयोग आजचा नव्हे. गेल्या शतकाच्याहि मागें असे प्रयोग झाले, आणि त्यांतील दोन घरांची हकीकत या बाबतींत फार बोधप्रद आहे.

पहिलें घर लंडनमधील जेम्स मिल याचें. हिंदुस्थानांत कधींहि पाऊल न टाकतां ज्यानें ब्रिटिश हिंदुस्थानचा मोठा इतिहास लिहून 1817 सालीं प्रसिद्ध केला, तोच हा मिल. त्याचा थोरला मुलगा जॉन स्टुअर्ट 1806 सालीं जन्मला. बापानें त्याला शाळेंत घातलेंच नाहीं. तिसऱ्या वर्षीं ग्रीक, आठव्या वर्षीं लॅटिन, असा त्याचा क्रम चालला. शिवाय जें स्वतः शिकावें तें धाकट्या भावंडांना शिकवावें, हीहि जबाबदारी त्याच्याचवर. वडील ज्या मेजावर इतिहास लिहीत, त्याच मेजापाशीं बसून मुलगा ग्रीक धडा तयार करी. त्याला वापरतां येईल असा ग्रीक-इंग्रजी कोश त्या वेळीं नव्हता; म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो वडिलांना विचारी. स्वभावानें अत्यंत उतावळा असा तो गृहस्थ दर वेळीं लेखणी थांबवून अर्थ सांगे. या एका गोष्टीसाठीं त्याचे कितीहि दोष माफ करावेसे वाटतात.

1810 ते 1813 या काळांत हें कुटुंब न्यूइंग्टन ग्रीन येथें राहत होतें. सकाळीं न्याहारीपूर्वीं बापलेक झाडीमधल्या पाणंदींतून फिरावयास जात, आणि आदल्या दिवशीं वाचलेल्या पुस्तकांतील हकीकत मुलगा चालतां चालतां वडिलांस सांगे. वाचतांना कागदाच्या चिठोऱ्यांवर टिपणें केलेलीं असत. त्यांच्या आधारानें गोष्ट पुढें सरके. हें सांगणें सक्तीचें नव्हतें, आपण होऊनच तो तें करीत असे, असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत आवर्जून नमूद केलें आहे. बाप ऐकतो आहे, एवढ्याच आनंदावर त्या मुलानें मोठमोठे इतिहासग्रंथ पचविले.

परंतु या घराची दुसरी बाजूहि आहे. संवय मोडेल म्हणून मुलाला सुट्टी नसे. बरोबरीचे सवंगडी नव्हते. मुलांचीं म्हणावीं अशीं पुस्तकें घरांत जवळजवळ नव्हतींच. ‘रॉबिन्सन क्रूसो’ मात्र होतें, आणि त्याची गोडी त्याला सारें बालपणभर पुरली. ‘अरबी गोष्टी’ व ‘डॉन क्विक्झोट’ हीं वडिलांनीं कोणाकडून तरी उसनीं आणून दिलीं होतीं. बाकी सारा काळ धडा, चुका आणि वडिलांची नापसंति. 1873 सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत मुलानें बापाविषयीं जें लिहिलें आहे तें वाचून मन कष्टी होतें. मुलांसाठीं एवढे श्रम करणाऱ्या त्या माणसाला मुलांचें प्रेम हवें होतें. पण त्याच्या धाकानें तें प्रेम उगमापाशींच आटत होतें, आणि हें त्याला स्वतःलाहि जाणवत असलें पाहिजे, असा त्या लिहिण्याचा भाव आहे.

याचें फळ 1826 सालीं दिसलें. वीस वर्षांच्या त्या विद्वान् तरुणाला सर्व गोष्टींचा एकाएकीं वीट आला. आवडत्या ग्रंथांतहि रस उरला नाहीं. कित्येक महिने तो अंधारांत चाचपडत होता, आणि बापापाशीं जाऊन हें दुःख सांगावें असें त्याला वाटलें नाहीं. शेवटीं सुटका झाली तीहि एका पुस्तकानेंच. मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणी वाचतांना, बापाच्या मृत्यूनंतर लहान मुलगा घरच्यांना धीर देतो तो प्रसंग आला, आणि मिलच्या डोळ्यांतून पाणी आलें. त्या घटकेपासून मनावरचें ओझें हलकें होऊं लागलें. पुढें 1828 सालीं वर्ड्स्वर्थच्या कवितांनीं तेंच काम अधिक केलें. वाचन बापानें शिकविलें होतें. पण त्यांतील ओलावा मुलाला एकट्यानें शोधावा लागला.

दुसरें घर आपल्या देशांतलें. आणि घर तरी कसलें, तीर्थयात्रेच्या वाटा हेंच घर. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकविरोध पत्करून आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें. त्यांची मुलगी रमा 1858 सालीं गंगामूळच्या रानांत जन्मली. ती शिकण्याजोगी झाली तेव्हां वडील थकले होते, म्हणून शिकविण्याचें काम आईकडे आलें. दिवसभर संसाराचें काम. सवड काय ती पहांटेची. त्या अवेळीं झोपेनें डोळे जड झालेल्या मुलीला आई अलगद उचलून घेई, लाडानें जागी करी, आणि पांखरांचा किलबिलाट सुरू होतांना पाठ चाले. हातांत पोथीहि नसे. आईनें म्हणावें आणि मुलीनें तिच्यामागून म्हणावें. पहांटे उठणें कोणत्या मुलाला आवडतें? पण त्या पाठाशीं आईची ऊब जोडलेली होती. पुढें दुष्काळानें आईबाप हिरावले, भावाबरोबर सारा देश पायीं तुडवावा लागला; तरी ती विद्या सुटली नाहीं. 1878 सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ‘सरस्वती’ म्हणून जिचा गौरव केला, ती पंडिता रमाबाई हीच. 1887 सालीं हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर तिनें इंग्रजींत पुस्तक लिहिलें, तें आईच्याच स्मृतीस अर्पण केलें.

मिलच्या घरीं ग्रंथांचा तोटा नव्हता. रमाबाईंच्या आईपाशीं देण्यासारखें एक मुखच होतें. तरी दोन्ही मुलें विद्वान् झालीं. फरक पडला तो विद्येबरोबर काय आलें यांत.

तर मग घरीं शिकविणाऱ्यांनीं करावें काय? इंग्लंडांत शार्लट मेसन या बाईंनीं 1886 सालीं घरच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिलें. त्यांची रीत अगदीं साधी: चांगला उतारा एकदांच वाचावा, आणि मग मुलानें तो आपल्या शब्दांत सांगावा. तें सांगत असतां मध्यें तोंड घालूं नये, चूक काढूं नये. आणि सहा वर्षांच्या आंतल्या मुलाकडे तर असा आग्रहच धरूं नये, त्याला वाटेल तेव्हां वाटेल तें सांगूं द्यावें. न्यूइंग्टनच्या पाणंदींत मिलच्या मुलाला जें आवडलें तें हेंच. “किती पानें झालीं?” या प्रश्नाला उत्तर आंकड्यांत मिळतें आणि बोलणें संपतें. “मग त्या राजाचें पुढें काय झालें?” या प्रश्नानें बोलणें सुरू होतें, मात्र विचारणाऱ्याला तें खरोखर जाणून घ्यावयाचें असलें पाहिजे.

मुलाला अक्षरें आलीं कीं “आतां तुझें तूं वाच” असें म्हणून आईबाप वाचून दाखविणें बंद करतात. ही मोठी चूक. सातआठ वर्षांच्या मुलाचे डोळे अजून जोडाक्षरांशीं झगडत असतात, पण त्याच्या कानाला त्याहून पुष्कळ अवघड गोष्ट कळते. रात्रीं निजण्यापूर्वीं अर्धा तास वाचून दाखविलें, आणि उत्कंठेच्या जागीं थांबून पुस्तक उशाशीं ठेवलें, तर पुढचें पान मूल पुष्कळदां आपणच उलगडूं लागतें. पुस्तक निवडण्याची मोकळीकहि त्याला हवी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चौथ्यांदा वाचणारें मूल वेळ फुकट घालवीत नाहीं; वाचणें ही सुखाची गोष्ट आहे, याची तें चौथ्यांदा खात्री करून घेत असतें. न आवडलेलें पुस्तक अर्ध्यावर टाकण्याचा जो हक्क मोठी माणसें सर्रास बजावतात, तो लहानांनाहि असावा. आणि घरांतील वडील मंडळी स्वतः कधींच पुस्तक उघडीत नसतील, तर उपदेशाचा उपयोग होत नाहीं.

एखादें मूल पांचव्या वर्षीं वाचूं लागतें, एखादें आठव्या. शेजारच्या मुलाशीं तुलना करून घायकुतीस येऊं नये. मात्र मन लावूनहि अक्षरें जुळत नसतील, तर डोळे तपासून घ्यावे, आणि डिसलेक्सियासारखी अडचण आहे काय हें जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावें. त्या मुलाला आळशी म्हणणें हा अन्याय होय.

घरच्या शाळेला घंटा नसते, सुट्टी नसते, वर्ग बदलत नाहीं, गुरु बदलत नाहीं. तिची सारी शक्ति यांतच आहे, आणि सारा धोकाहि यांतच. लेखणी थांबवून शब्दाचा अर्थ सांगणारा बाप आणि झोंपाळू लेकीला उचलून घेणारी आई, हीं दोन्हीं ज्या घरांत आहेत, तेथें आज पुस्तकाकडे पाठ फिरविणारें मूलहि उद्यां कोपरा धरून वाचतांना सांपडेल.