खुर्ची रिकामी करण्याचा अधिकार



2001 साली शहडोल जिल्ह्यातील अनूपपूर येथे, तो तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, एक अपूर्व मतदान झाले. उमेदवार कोणी नव्हता. मतपत्रिकेवर दोन चित्रे होती: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. लोकांनी रिकाम्या खुर्चीला कौल दिला आणि नगराध्यक्षा पल्लविका पटेल यांना पायउतार व्हावे लागले. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या पालिकांनाही लागू असलेल्या 1961 च्या नगरपालिका कायद्याच्या 47 व्या कलमाचा तो प्रताप होता.

त्या विजयाने हुरळून जाण्यापूर्वी कलमाची वाट पाहा. तेव्हा निवडीनंतर दोन वर्षे अध्यक्षाला हात लावता येत नसे. पुढे मतदाराने नव्हे, तीनचतुर्थांश नगरसेवकांनी सह्या करावयाच्या. 24 नगरसेवकांच्या पालिकेत 18 सह्या हव्यात. म्हणजे अध्यक्षाने 7 जण खिशात ठेवले की सारे गाव एक झाले तरी व्यर्थ! सह्यांचा कागद जातो कलेक्टरसाहेबांकडे. सह्या खऱ्या की खोट्या हे ते पडताळणार, मग कागद सरकारकडे धाडणार. सरकार राज्य निवडणूक आयोगाला कळविणार आणि तेव्हा कोठे आयोग मतदान मांडणार.

आयोग स्वतंत्र आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांच्या निवडणुका त्याच्या हाती दिल्या आहेत. परंतु सरकारचे पत्र येईपर्यंत त्या स्वतंत्र आयोगाने करावे काय? आणि ज्या कलेक्टरने सह्या तपासावयाच्या, तोच जिल्ह्याचा निवडणूक अधिकारी आणि तोच सरकारचा नोकर! पडताळणी इतक्या दिवसांत झालीच पाहिजे, असे बंधन त्या कलमाने घातले नव्हते. खोट्या सह्यांनी कोणाचे पद जाऊ नये, म्हणून तपासणी हवीच, हे मी मान्य करतो. पण तपासणी आणि खोळंबा यांत फरक आहे, आणि दरम्यान दोनचार सह्या मागे घ्यावयास लावणारे लोक प्रत्येक गावात असतात. आपल्याही गावात आहेत.

2022 साली तर नगराध्यक्ष नगरसेवकांनीच निवडले. जेथे निवडच आपली नव्हे, तेथे परत बोलावणार कोणाला?

पूर्वी असा कागद छिंदवाड्याला जात असे. 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा हाच जिल्हा झाला. कलेक्टरसाहेबांचे कार्यालय आता आपल्या दाराशी आहे. उद्या असा कागद तेथे पोहोचला, तर पोच घ्या, तारीख टिपून ठेवा आणि दर आठवड्याला जाऊन विचारा: साहेब, कागद कोठवर आला?