पदवीपर्यंत पुरणारी मदत

गरीब विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी दिलेल्या देणगीचा हिशेब दोन ठिकाणी लागतो. पहिला ट्रस्टच्या वहीत: रक्कम, तारीख, पावती क्रमांक. दुसरा तीन-चार वर्षांनी विद्यापीठाच्या निकालात. पहिला हिशेब बहुतेक संस्था चोख ठेवतात, कारण लेखापरीक्षक तो मागतो. दुसरा मागायला कोणी येत नाही, त्यामुळे तो ठेवलाच जात नाही. शंभर मुलांना धनादेश वाटले, एवढ्यावर अहवाल संपतो. त्यांतले किती शेवटच्या सत्रापर्यंत टिकले, हे संस्थेच्या चिटणिसालाही सांगता येत नाही.

सरकारी आकडेवारीचा भरही प्रवेशावरच असतो. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये प्रवेशाचे ढोबळ प्रमाण देशात २८.४ टक्के आणि महाराष्ट्रात ३५.३ टक्के होते. देशातील अनुसूचित जमातींमध्ये ते २१.२ टक्के होते. पहिल्या वर्षाला नाव घालून दिवाळीनंतर न फिरकलेला मुलगाही या प्रमाणात धरला जातो.

खानदेशात शिक्षणासाठी दान देण्याची परंपरा जुनी आहे. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले आणि त्यांच्याच नावाचे प्रताप महाविद्यालय तेथे १९४५ मध्ये सुरू झाले. त्याआधी मॅट्रिक झालेल्या खानदेशी मुलाला पुणे, मुंबई नाहीतर नाशिक गाठावे लागे. तेव्हाची गरज इमारतीची, ग्रंथालयाची, प्रयोगशाळेची होती आणि दानाचा पैसा तिथे गेला, हे योग्यच झाले. पण त्याच अमळनेरात दुसरेही एक उदाहरण आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलगा आजारी आहे, घरून पैसे आलेले नाहीत, अभ्यासातून मन उडाले आहे, हे ज्याला रोज दिसते असा माणूस तिथे होता. आजच्या अनुदान व्यवस्थेत इमारत आहे, पैसाही आहे. हा माणूस मात्र बहुधा नसतो.

१९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आता तालुक्याच्या गावीही पदवी महाविद्यालय असते. जळगाव जिल्ह्यातल्या भडगावातही आहे. अंतर कमी झाले तशी अडचण बदलली, देणगीचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही.

शिष्यवृत्ती कुठे तुटते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना दरमहा पंचवीस रुपये मिळत. १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदे संस्थानाने तीन वर्षांची, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली; शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, ही अट होती. रक्कम, मुदत, अट सारे लेखी होते. अनुदान म्हणून ते नमुनेदारच म्हणावे लागेल. तरीही १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदत संपली आणि कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांत परत येण्याची सवलत दिली, म्हणून वाट उरली. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून वाचवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे पहिला दाता उदार होता, पण पदवीपर्यंत पोचायला दुसरा दाता, मित्र आणि स्वतःची कमाई लागली. शिवाय विद्यापीठाला दार उघडे ठेवावे लागले. सामान्य विद्यार्थ्याच्या वाट्याला यांतले एखादेच येते.

भडगाव तालुक्यातल्या विद्यार्थ्याचे वर्ष कसे जाते, हे पाहिले म्हणजे मदत केव्हा हवी ते कळते. वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते. तेव्हा हातात आलेली उचल जुनी देणी आणि घरखर्चात जाते. जून-जुलैत प्रवेश सुरू होतात तेव्हा घरात रोकड नसते. कापसाचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे येतो, पण वेचणीचे दिवस आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेचे दिवस जवळजवळ एकच. ऊसतोडीला जाणारे कुटुंब त्याच सुमारास गाव सोडते. मागे राहिलेल्या मुलीवर घर, म्हातारी माणसे आणि गुरे येतात. शेवटचे सत्र उन्हाळ्यात संपते तोवर पुढच्या आखाजीचा हिशेब सुरू झालेला असतो.

शिकवणी शुल्काचा भार यात सर्वांत मोठा नसतो, हे दात्यांना पटवणे अवघड जाते. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् अशा योजना आहेत. पात्र विद्यार्थ्याला त्या महाडीबीटी संकेतस्थळावरून किंवा संबंधित विभागाकडून मिळतात. अडचण असते ती उशिराची. पैसे वर्ष सरता सरता खात्यावर येतात. खर्च मात्र पहिल्या आठवड्यापासून सुरू झालेला असतो. कधी उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, कधी जातवैधता अडकते, कधी आधार ज्या बँकेशी जोडले आहे ते खातेच बंद पडलेले असते. सेतू केंद्राच्या दोन चकरांत सुटणारी ही कामे; पण रोजंदारी बुडवून चकरा मारायच्या असतील तर दोनच्या सहा होतात.

उरतो तो रोजचा खर्च. भडगाव गावाला रेल्वे नाही; काजगाव नाहीतर पाचोरा गाठावे लागते, त्यामुळे अप-डाऊन करणाऱ्या पोरांचा मुख्य आधार एसटी. विद्यार्थी पासात दोन-तृतीयांश सवलत आहे. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो, पण बारावीपर्यंतच. पदवीच्या पहिल्याच वर्षी ही सोय संपते आणि घरात हिशेब सुरू होतो, की मुलीला एवढ्या लांब पाठवायचेच कशाला. जळगावात खोली घेऊन राहायचे तर मेस, भाडे, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स. आणि सत्रात एकदा परीक्षेचा अर्ज: नियमित मुदत, मग विलंब शुल्कासह मुदत, मग अतिविलंब शुल्कासह. ज्याच्याकडे पहिल्या मुदतीत पैसे नव्हते त्यालाच शेवटच्या मुदतीत जास्त भरावे लागतात. अर्ज राहिला की वर्ष गेले.

म्हणून अशा अनुदानाचा एक भाग तातडीच्या मदतीसाठी वेगळा ठेवणे आवश्यक ठरते. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून हेच केले. थोड्या थकबाकीसाठी ज्यांची नावे कमी होणार होती, त्यांची यादी विद्यापीठाने स्वतः काढली आणि अर्जाची वाट न पाहता ती थकबाकी भरली. आपल्याकडे यासाठी संगणकाची गरज नाही. महाविद्यालयाच्या कार्यालयातील लिपिकाला परीक्षा अर्ज न भरलेल्यांची यादी मुदतीच्या आठवडाभर आधी माहीत असते. ती ट्रस्टपर्यंत पोचण्याची वाट तेवढी हवी, आणि एका सहीने दोन दिवसांत पैसे भरण्याचा अधिकार कोणाला तरी हवा. विश्वस्तांच्या तिमाही सभेपर्यंत थांबणारी तातडीची मदत तातडीची राहत नाही.

आता पैशाचे गणित. समजा एका ट्रस्टकडे बारा लाखांचा कायम निधी आहे आणि त्यावर सहा टक्के व्याज मिळते: वर्षाला ७२ हजार. आयकराच्या नियमाप्रमाणे उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टावर खर्च करावा लागतो, १५ टक्के राखता येतो. महागाईने मेसचा दर वाढतो, व्याज वाढत नाही. म्हणून हे १५ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये, निधीत टाकणे शहाणपणाचे. उरले ६१,२००. दर विद्यार्थ्याला वर्षाला बारा हजार धरले तर एका वेळी पाच विद्यार्थी बसतात आणि बाराशे रुपये तातडीसाठी उरतात. पदवी तीन वर्षांची असेल तर दरवर्षी नवे पाच घेता येत नाहीत. दोन, दोन आणि एक असेच घ्यावे लागतात. बहुतेक ट्रस्ट इथेच फसतात. पहिल्या वर्षी पाच नावे जाहीर होतात, दुसऱ्या वर्षी नवी पाच, आणि आधीच्या पाचांना ‘आता इतरांनाही संधी’ असे सांगितले जाते. सगळ्यांना शेवटपर्यंत द्यायचे म्हटले तर तिसऱ्या वर्षी पंधरा जणांना १ लाख ८० हजार लागतील. समारंभात नवे चेहरे दिसणे दात्याला आवडते, पण जुन्या पाचांचे दुसरे वर्ष उघड्यावर पडते. त्यातच नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट आली आहे. ट्रस्टने तीन वर्षे देणार की चार, हे निवडीच्या दिवशीच लिहून द्यावे.

निवडीत गुणांना किती वजन द्यावे, यावर मतभेद होतात. बारावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्याला मदत करायला अनेक हात पुढे येतात. पंचावन्न टक्क्यांवर असलेली, घरातली पहिलीच महाविद्यालयात आलेली मुलगी मात्र कोणाच्याच यादीत बसत नाही. खरे तर मदतीने निकाल बदलण्याची शक्यता तिच्याच बाबतीत जास्त. त्याचप्रमाणे एटीकेटी लागताच शिष्यवृत्ती बंद, हा नियम शिस्तीचा वाटला तरी तो पैसा नेमका गरजेच्या वेळी काढून घेतो. एका सत्रापुरती सवलत आणि त्याच काळात शिकवणीची सोय, असा नियम अधिक न्याय्य आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली कर्जाऊ शिष्यवृत्ती परतफेडीतून फिरत राहिली, हे खरे. पण तो मार्ग परदेशी जाणाऱ्या उच्चशिक्षितांसाठी होता. सालदाराच्या मुलाच्या बी.ए.वर कर्ज चढवू नये.

सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला खासगी मदत देता येते का, ही शंका वारंवार निघते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत दुसरी शिष्यवृत्ती घेण्यास मनाई आहे. पण पुस्तके, साहित्य, राहणे-जेवणे यांसाठी मिळणाऱ्या मदतीला हरकत नाही. त्यामुळे ठरावात ‘शिष्यवृत्ती’ असे मोघम न लिहिता ‘मेस व पुस्तक साहाय्य’ असे नेमके लिहिले की विद्यार्थी अडचणीत येत नाही.

ट्रस्टचा कारभार महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली चालतो. त्यात उद्देशनिहाय स्वतंत्र खाते ठेवणे आणि दरवर्षी लेखापरीक्षण हे मूळ पथ्य. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून देणगी येते तेव्हा दात्याचे नागरिकत्व पाहावे लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. परकीय नागरिकाची ठरते, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून असे अंशदान एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येत नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे वेळापत्रक वेगळे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात. त्यांचे वर्ष मार्चअखेर संपते, महाविद्यालयाचे जूनमध्ये सुरू होते. मार्चमध्ये घाईने आलेला पैसा जूनपर्यंत पडून राहतो आणि ऑक्टोबरात कमी पडतो. यावर उपाय कायद्यातच आहे. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलेले काम सुरुवातीचे वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षे चालू शकते, आणि शिल्लक रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवता येते. जुलैत सुरू झालेली तीन वर्षांची पदवी या चार आर्थिक वर्षांत बरोबर बसते. चार वर्षांच्या पदवीचे शेवटचे काही महिने मात्र बाहेर पडतात. त्यांची तजवीज ट्रस्टने स्वतः करावी.

पैशाबरोबर माणूस लागतो, याचा सर्वांत ठोस पुरावा न्यूयॉर्कच्या सार्वजनिक महाविद्यालयांतून मिळाला. तेथे २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘असॅप’ उपक्रमात विद्यार्थ्याला शुल्कातील तूट, पुस्तके, प्रवासाचा पास आणि वारंवार भेटणारा सल्लागार असे सारे एकत्र मिळे. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण उपक्रमातल्या गटात ४० टक्के, तर बाहेरच्या गटात २२ टक्के निघाले. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त झाला, पण दर पदवीधरामागे तो कमी पडला. महाराष्ट्रात हीच समज जुनी आहे. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने ग्रामीण मुलांना निवारा, कामाची सवय आणि लक्ष ठेवणारी माणसे एकत्र दिली. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थ्यांसाठी निवासासह मार्गदर्शन देतो. तालुक्याच्या पातळीवर निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, माजी विद्यार्थी यांच्याकडे प्रत्येकी चार-पाच विद्यार्थी सोपवता येतात. महिन्यातून एक फोन, सत्रातून एक भेट, आणि परीक्षा अर्जाच्या आठवड्यात खात्री, एवढे काम नेमून दिलेले पुरते. ‘केव्हाही या’ असे सांगितले तर कोणी येत नाही.

धनादेश व्यासपीठावर देऊन वर्तमानपत्रात ‘गरजू विद्यार्थी’ म्हणून फोटो छापण्याची प्रथा मोडायला हवी. रक्कम खात्यात जावी. मेसचे पैसे मेसचालकाला आणि पासाचे पैसे आगारात परस्पर भरले तरी चालतात, पण विद्यार्थ्याच्या संमतीने.

शेवटचा भाग मोजणीचा. नोंदवहीत एका वर्षी निवडलेल्या विद्यार्थ्यांचा एक गट धरावा आणि पदवीपर्यंत तोच गट मोजावा. मधे गळालेल्यांची नावे काढून टाकून उरलेल्यांची टक्केवारी सांगणे ही सर्रास चालणारी लबाडी आहे. प्रत्येक सत्राला चार रकाने पुरतात: परीक्षा अर्ज भरला का, सर्व विषय सुटले का, किती राहिले, पुढच्या सत्राला नाव आहे का. पाचवा रकाना गळतीच्या कारणाचा. लग्न, ऊसतोड, आजारपण, वडिलांचे निधन, नोकरी लागली, विषय झेपला नाही. ‘वैयक्तिक कारण’ असे लिहू देऊ नये. सोडून गेलेल्याची जागा लगेच दुसऱ्याला न देता एक शैक्षणिक वर्ष राखून ठेवावी, त्या वर्षाची रक्कम तातडीच्या निधीत वळवावी, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होण्याआधी नेमून दिलेल्या माणसाने त्या घरी जाऊन विचारावे. परत आला तर त्याचे उरलेले हप्ते तेथूनच सुरू होतात; नाही आला तर कारणासह नोंद करून खाते बंद करावे आणि जागा नव्या निवडीला मोकळी करावी.