खुर्चीवर बाई बसली, पण वही कुठं आहे?



मध्यंतरी आमच्या गटाची मासिक बैठक चालू होती. बचत जमा झाली, हप्ते झाले, इतिवृत्त लिहून झालं. एका ताईंची मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. ती कोपऱ्यात बसून मोठ्यानं पाठ करत होती, ‘अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेच्या पहिल्या महिला संचालक कोण? जीना हॅस्पेल, २०१८.’ ऐकून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मोठ्या खुर्चीवर बसली की आपल्याला बरं वाटतंच. तेवढ्यात आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण त्या बाईनं केलं काय?”

उत्तर कुणालाच देता आलं नाही. म्हणून आम्ही त्या मुलीच्या मदतीनं वाचलं, समजून घेतलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय.

सीआयए ही परदेशातली गुप्त माहिती गोळा करणारी अमेरिकेची संस्था. स्थापना १९४७ सालची. सत्तर वर्षं तिच्या प्रमुखपदी फक्त पुरुष बसले. जीनाबाईंचा जन्म १९५६ चा. वडील हवाई दलात नोकरीला, त्यामुळं सारखी बदली, सारखं बिऱ्हाड पाठीवर. लहानपणी तिला सैनिकी अकादमीत जायचं होतं. तिथं मुलींना घेत नाहीत, हे वडिलांना तिला सांगावं लागलं. पुढं ती शिकली आणि १९८५ साली सीआयएत लागली. तीस वर्षांहून जास्त काळ तिनं ओळख लपवून काम केलं. शेजारपाजारच्यांनाही खरं काम सांगता येत नाही, अशी ही नोकरी. तिथून पायरी पायरीनं ती वर गेली. हे कष्ट खरेच आहेत, ते कमी लेखायचं कारण नाही.

आता वादाची गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर विमानांनी हल्ला झाला. जवळपास तीन हजार माणसं गेली. देश हादरला होता, पुन्हा हल्ला होईल अशी भीती होती. त्या भीतीत सीआयएनं परदेशांत गुप्त तुरुंग उघडले. तिथं वकील नाही, न्यायाधीश नाही, घरच्यांना पत्ता नाही. कैद्याला झोपू न देणं, पेटीत कोंडणं, असे प्रकार तिथं झाले. एक प्रकार तर असा, की माणसाला फळीवर आडवं बांधायचं, तोंडावर फडकं टाकायचं आणि वरून पाणी ओतायचं. माणसाला आपण बुडतोय असंच वाटतं.

असा एक तुरुंग थायलंडमध्ये होता. २००२ च्या शेवटी त्याचा कारभार जीनाबाईंकडं होता. तिच्या काळात अल-नशिरी नावाच्या कैद्यावर हा पाण्याचा प्रकार झाला. तो साधासुधा माणूस नव्हता. अमेरिकेच्या युद्धनौकेवरच्या २००० सालच्या हल्ल्याचा त्याच्यावर आरोप आहे, त्यात १७ नौसैनिक गेले. पण आरोप कितीही मोठा असला तरी छळ तो छळच. इथं एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. दुसऱ्या एका कैद्यावर, अबू झुबैदावर, हा प्रकार ८३ वेळा झाला. त्याचा दोषही आधी तिच्यावर टाकला गेला होता. पण ते ती तिथं जाण्याआधी घडलं होतं आणि छापणाऱ्यांनी चूक मान्य केली. जे केलं नाही ते कुणाच्या माथी मारू नये, मग ती बाई असो की पुरुष.

या दोन कैद्यांच्या चौकशीचं चित्रीकरण झालं होतं. एकूण ९२ टेप होत्या. नोव्हेंबर २००५ मध्ये त्या सगळ्या नष्ट केल्या गेल्या. आदेश जीनाबाईंच्या वरिष्ठांचा होता, पण त्या आदेशाचा मसुदा लिहिला तिनं. आपल्या माणसांचे चेहरे बाहेर आले तर त्यांच्या जिवाला धोका होईल, असं कारण दिलं गेलं. पुढं संस्थेच्या अंतर्गत चौकशीत, तिनं साहेबांच्या सांगण्यावरून लिहिलं, तिचा दोष नाही, असं ठरलं. साहेबांना ताकीदपत्र मिळालं. खटला कुणावरच झाला नाही.

सख्यांनो, त्या टेप म्हणजे काय होतं? बंद दाराआड काय झालं त्याची नोंद होती. नोंद गेली की उरतो फक्त शब्द. आणि मोठ्या माणसाच्या शब्दापुढं बाकीच्यांचा शब्द टिकत नाही.

पण टेप नष्ट करून गोष्ट संपली नाही. २००७ साली ही बातमी वर्तमानपत्रात आली आणि अमेरिकेच्या संसदेच्या समितीनं चौकशी सुरू केली. त्या समितीच्या अध्यक्षपदीही पुढं एक बाईच होती, डायअ‍ॅन फाइनस्टाइन. टेप नव्हत्या, पण कागद होते. समितीच्या माणसांनी काही वर्षं लाखो कागद वाचले. अहवाल झाला ६,७०० पानांच्या वर. पूर्ण अहवाल आजही गुप्त आहे, पण २०१४ च्या डिसेंबरात त्याचा पाचशेहून जास्त पानांचा सारांश लोकांसमोर ठेवला गेला. त्यात लिहिलंय, की ११९ जणांना असं ठेवलं होतं आणि त्यांतल्या निदान २६ जणांना ठेवायलाच नको होतं. छळातून मोठी उपयोगी माहिती मिळाली, हा दावाही समितीनं खोडला. सीआयएनं मात्र या निष्कर्षांवर आक्षेप घेतला.

मग आलं २०१८. अध्यक्ष ट्रम्प यांनी जीनाबाईंचं नाव सुचवलं. ९ मेला संसदेच्या समितीसमोर तिला उघडपणे प्रश्न विचारले गेले. असा छळ पुन्हा सुरू करणार नाही, असं तिनं सांगितलं. कमला हॅरिस यांनी सरळ विचारलं, पूर्वी केलं ते अनैतिक होतं का, हो की नाही? तिनं सरळ उत्तर दिलं नाही. नंतर पत्र लिहून कळवलं, की संस्थेनं ते काम हाती घ्यायला नको होतं. १७ मेला मतदान झालं. बाजूनं ५४, विरोधात ४५. फाइनस्टाइनबाईंनी विरोधात मत दिलं. एका बाईनं पहिल्या बाईविरुद्ध मत दिलं, म्हणून ती बायांची वैरीण झाली का? आम्हाला तसं वाटत नाही. तिनं नोंद वाचली होती. जीनाबाई जानेवारी २०२१ पर्यंत त्या पदावर राहिली आणि निवृत्त झाली.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. सांगायला जड जातंय, पण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका गटात एका विधवा ताईंनी कर्जाचा हप्ता भरला. त्यांच्या पासबुकात नोंद राहिली आणि गटाच्या वहीतलं ते पानच निघालं. सचिव ताई म्हणाल्या, “अध्यक्षताईंनी सांगितलं म्हणून पान काढलं, खाडाखोड झाली होती.” त्या ताईंकडं पुरावा काहीच नव्हता. त्यांना हप्ता पुन्हा भरावा लागला. आणि आम्ही काय केलं? गट फुटायला नको, बायांचं नाव खराब व्हायला नको, म्हणून आम्ही गप्प बसलो. बाई पुढं गेली पाहिजे, या नावाखाली आम्ही एका बाईचे पैसे बुडू दिले.

त्या आजींनी विचारलं नसतं, तर हे आम्ही आजही बोललो नसतो. मागच्या बैठकीत आम्ही त्या ताईंची सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यांचा हप्ता परत देण्याचा ठराव केला आणि तो वहीत लिहिला.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एक काम करा. ठराव वहीच्या पानांना नंबर घाला. चुकलं तर पान फाडू नका. एक रेघ ओढा, शेजारी बरोबर लिहा आणि दोघींनी सह्या करा. आधीच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्यानं वाचा, म्हणजे वाचता न येणाऱ्या ताईंनाही कळेल. आणि कुणी ‘वरून सांगितलं म्हणून’ असं म्हणालं, तर कुणी सांगितलं आणि का सांगितलं, तेही लिहून ठेवा.

आपली बाई खुर्चीवर बसली की टाळ्या जरूर वाजवा. टाळ्या झाल्या की वही मागा.