कापलेले नाक, आखडलेला हात



प्लॅस्टिक सर्जन म्हटले की सिनेनट्यांची नाके आठवतात. पण हे प्लॅस्टिक बादलीचे नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडविणे. त्याचा गाजलेला दाखला आपल्या शेजारच्या पुण्याचा आहे. इंग्रजी फौजेतील कावसजी या बैलवाल्याचे नाक व एक हात १७९२ साली टिपूच्या कैदेत कापला गेला. पुढे पुण्याकडील एका कुंभाराने मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचे माप घेतले, ते कपाळावर आखून तेवढी कातडी सोडविली व खाली वळवून बसविली. भुवयांमधला देठ मात्र तोडला नाही, कारण रक्त त्यातूनच येणार. १७९४ साली ही हकिकत लंडनच्या मासिकात छापली गेली; १८१४ मध्ये तेथील कार्प्यू या सर्जनने ती कृती केली.

आपल्या नगर जिल्ह्यात नाके कोणी कापत नाही. पण गुऱ्हाळाची कढई आहे, स्टोव्ह आहे. भाजलेले मूल वाचते, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि जखम भरताना कातडी आकसून बोटे तळहाताला चिकटतात. सर्जन ती सोडवून मांडीची कातडी लावतो. पुढे कित्येक महिने पट्टी व व्यायाम. म्हणून भाजताच वीस मिनिटे साधे वाहते पाणी घाला, शाई-हळद नको, आणि लगेच दवाखाना गाठा.

दुभंगलेला ओठ ग्रहणाचा दोष समजून मुलीला पदराआड ठेवू नका. ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात शिवता येतो. टाळू वर्षाच्या सुमारास, तिला बोलणे फुटण्याआधी.